हूल

हर्णैच्या लिलावात मी वही लिहितो,
म्हणून सांगतो, आकड्यांचं मला कळतं.
गोमाजी चोगले, वजन एकशे चार किलो,
नौदलाचा हेवीवेट, तीन वर्षं कुणी पाडला नाही.
गाव मात्र म्हणतं, आत खोबरं नाही, नुसती करवंटी.
शाळेत मास्तरांनी 'ढ' म्हणून
खिडकीपाशी बसवला होता.
खिडकीतून सुवर्णदुर्ग दिसायचा. तेवढाच शिकलो, म्हणतो.

कोचीची फायनल त्यानं मला एकदाच सांगितली,
बर्फाच्या पेटीवर बसून, सुकट निवडत.
समोर फौजेचा हवालदार, दीड वीत उंच.
"दोन फेऱ्या मी मार खाल्ला रं.
तोंड उघडं टाकलं, गुडघे ढिले सोडले,
लोक म्हनाले, रेडा दमला.
मी त्याची टाच ऐकत होतो.
उजवा ठोसा सोडायच्या आदी
डावी टाच कॅनव्हासवर चर्र करायची. दर खेपेला.
आमचा बापूस रात्री वल्ह्याला कान लावायचा,
पान्यात घोळ ओरडते ती लाकडातून यायची.
तसाच."
तिसऱ्या फेरीत टाच वाजली,
आणि ठोसा पोचला तेव्हा गोमाजी तिथं नव्हता.
दुसऱ्या दिवशी पेपरात: राक्षसी ताकदीचा विजय.
ते कात्रण अजून आहे, रॉकेलच्या डब्यामागं चिकटवलेलं.
"टाचेचं कुनाला सांगितलं नाय.
सांगितलं तर पुढचे बूट बदलतील."

तो अजून रिंगणातच आहे, हे मला उशिरा कळलं.
संध्याकाळी होड्या लागतात, बैलगाड्या पाण्यात शिरतात,
गोमाजी पेटीवर बसतो, जबडा सैल,
माशी नाकावर बसली तरी उडवत नाही.
व्यापारी त्याच्या पुढ्यातच रुमालाखाली बोटं दाबतात,
पापलेट कुठवर चढू द्यायचं, सुरमई कुठं पाडायची.
ह्याच्यापासून काय लपवायचं? ठोसे खाऊन बधिर झालेला.
मग तो कूस बदलतो, दोनदा खोकतो,
आणि त्याची बहीण येसूबाई
बरोब्बर तेवढ्यालाच अडून बसते.
बावीस वर्षं. माझ्या वहीत आहे सगळं,
खोकला सोडून.

यंदा नारळी पुनवेनंतर
त्यानं मला वार विचारला. सोमवार, म्हटलं.
परत विचारला. परत.
मी डोळा मारला: कुणासाठी चाललंय, चोगले?
जवळ व्यापारी तर कुणी नव्हता.
मग एका संध्याकाळी तो तीनदा खोकला,
आणि येसूबाईचे दोन टोपल्या बांगडे मातीमोल गेले.
तीही हसली. म्हणाली, भाऊ आता मलाच हूल देतो.
घरी जाताना मात्र रिकामी टोपली
तिनं डोक्यावर घेतली नाही,
पोटाशी धरली.

दापोलीच्या डॉक्टरनं कागद दिला:
घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं.
गोमाजीनं चौकोन काढला. चार खांब, तीन दोर.
एका कोपऱ्यात ठिपका.
"आणि काटे?"
"काटं नसतात. घंटा असते."
डॉक्टरनं शून्य लिहिलं.
वहीवाल्याला दुसऱ्याचं शून्य लगेच दिसतं, उलटं धरलं तरी.

एस्टीत तो खिडकीपाशी बसला.
आसूदचा उतार लागला तसा कानाशी आला,
हळूच म्हणाला, "फसला ना?"
मी हो म्हटलं. मोठ्यानं हसलो पण.
मग माझ्याकडं नीट बघून:
"तू कुनाचा रं?"

मी बोललो नाही.
खाली त्याच्या पायांकडं बघत राहिलो.
डाव्या पायात उजवी चप्पल, उजव्यात डावी,
आणि गाडीचा एवढा खडखडाट
की टाच वाजली असती तरी
ऐकू आली नसती.